सतराव्या विहिरीचा रिकामा रकाना

मी एक जुनी फाईल आहे. माझा पुठ्ठा बदामी आहे, कडा झिजल्या आहेत आणि नाडी एकदा बदलली आहे. पुठ्ठ्यावर जिल्ह्याचे नाव 'उस्मानाबाद' असे छापलेले आहे. त्यावर निळ्या शाईची आडवी रेघ मारून कुणीतरी हाताने 'लातूर' लिहिले आहे. मी लातूरच्या कॉलेजात आले तेव्हा जिल्हा होऊन दोनच महिने झाले होते. जुने पुठ्ठे शिल्लक होते, ते संपवायचे होते.

मित्रांनो, तुम्ही दरवर्षी नवी पुस्तके घेता, त्यांना कव्हर घालता. पण पुस्तकात काय असावे हे कोण ठरवते, असा प्रश्न तुम्हाला क्वचितच पडत असेल. अभ्यासक्रम एका जागी बसून कुणी लिहीत नाही. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, वाचला जातो, खोडला जातो, माघारी येतो, पुन्हा जातो. त्या वाटेवर त्याला सांभाळणारी मी. माझ्या पोटात एका अभ्यासक्रमाचा जन्म आहे. म्हणून ही हकिगत.

माझ्यात पहिला कागद घातला तो विमल सोनकांबळे यांनी. त्या भूगोलाच्या नव्या प्राध्यापक होत्या. गाव रेणापूरजवळचे. आई नागुबाई विहिरी खोदायच्या कामावर जायची. बहात्तरच्या दुष्काळात विमल शाळेत शिकत होती आणि नागुबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्या वर्षी भूगोलाच्या पुस्तकात नाईल नदी होती, अ‍ॅमेझॉन नदी होती. गावच्या विहिरी का आटल्या, याबद्दल एक ओळही नव्हती. विमलच्या मनात ती गोष्ट दहा वर्षे राहिली.

म्हणून तिने एक अभ्यासक्रम लिहिला. 'विहीर व भूजल मोजणी', मुदत एक वर्ष, आठवड्याला चार तास, निम्मे गुण प्रात्यक्षिकाला. विहिरीची खोली कशी मोजायची, पाण्याची पातळी महिन्या-महिन्याला कशी नोंदवायची, खाली कोणते खडक असतात, हे सारे त्यात होते. अकरा पाने झाली. ती तिने माझ्यात लावली आणि विभागप्रमुख श्रीपाद मुरुडकर यांच्यापुढे मला ठेवले.

मुरुडकर सर चांगले गृहस्थ होते, पण सावध होते. पाने चाळून ते म्हणाले, "सोनकांबळे बाई, तुम्ही नवीन आहात. दोन वर्षं नुसतं शिकवा. मग बघू."

"सर, तुम्ही सही नाही केली तरी मी दर महिन्याला विचारायला येणार," विमल म्हणाली.

सर हसले आणि त्यांनी सही केली. प्राचार्यांचे पत्र लागले आणि मी एस्टीतून विद्यापीठात गेले.

तिथे माझी पहिली परीक्षा झाली. एका विषयाचे जाणकार प्राध्यापक एकत्र बसतात, त्याला अभ्यास मंडळ म्हणतात. नवा अभ्यासक्रम आधी त्यांच्यापुढे जातो. त्यांनी मला वाचले आणि चार महिन्यांनी माघारी पाठवले. वरच्या कागदावर शेरा होता : 'जिल्ह्यातील गरज दर्शविणारी आकडेवारी जोडून फेरसादर करावे.'

शेरा रास्त होता. गरज आहे असे नुसते म्हणून चालत नाही. विमल आकडे शोधायला निघाली. पण जिल्हा नवा होता. जुने आकडे जुन्या जिल्ह्याचे, तेही सगळे एकात एक मिसळलेले. एका कार्यालयात कारकुनाने तिला बसायला सांगितले आणि म्हणाला, "मॅडम, खुर्च्या आल्यात. रेकॉर्ड अजून यायचंय."

विमलने ठरवले की आकडे आपणच मोजायचे. पुढच्या उन्हाळ्यात, दर रविवारी, रेणापूरजवळच्या तीन गावांतल्या चोवीस विहिरी. सोबतीला तिने नागुबाईला घेतले. त्या भागातल्या निम्म्या विहिरी नागुबाईच्या घामातून झाल्या होत्या. कुठे मुरूम लागतो, कुठे सच्छिद्र मांजऱ्या खडक आणि कुठे सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा दगड, हे ती काठावर उभी राहून सांगायची; खोली मात्र परसांत, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात. विमल दोरीला दगड बांधून आत सोडायची, ओल कुठवर आली ते बघायची, आणि आकडा माझ्यातल्या तक्त्यात लिहायची. तिच्या कापडी पिशवीत बसून मी त्या वर्षी जेवढे ऊन पाहिले तेवढे पुन्हा कधी पाहिले नाही.

सोळा विहिरी झाल्या. सात कोरड्या निघाल्या.

सतरावी विहीर किशनराव पाटलांची. ते स्वतः काठावर उभे होते. दोरी पाहून त्यांनी हात आडवा केला.

"बाई, तुम्ही कॉलेजात शिकवता, तुमचा मान हाय. पण आमच्या विहिरीत दोरी सोडू नका. पिण्याचं पाणी हाय."

"दोरी धुतलेली आहे, पाटील," विमल म्हणाली. "मागच्या सोळा विहिरींतल्या बऱ्याच पिण्याच्याच होत्या."

"तसं न्हाई."

कसे, ते त्यांनी सांगितले नाही. तिथे उभ्या असलेल्या तिघांनाही ते माहीत होते.

नागुबाई पुढे झाली. "पाटील, ही हीर म्याच खंदली हाय. तुमचे वडील व्हते तवा. आठ परस. पाणी लागलं तवा गाळाचं पहिलं घमेलं ह्या डोस्क्यावर वर आलं."

किशनरावांनी मान खाली घातली. "खंदली आसंल. पण दोरी सोडू नका."

दोघी माघारी फिरल्या. वाटेत नागुबाई म्हणाली, "लिही की आठ परस. मला ठाव हाय ना."

"माय, तू खोदलीस ती खोली झाली. आज पाणी किती आहे?"

"आसंल दीड-दोन परस. कमी जास्त."

"कमी जास्त कसं लिहू?"

"मंग काय लिहितीस?"

 घरी जाऊन विमलने सतराव्या ओळीचा आकड्याचा रकाना रिकामा ठेवला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'मोजू दिली नाही'. नागुबाई त्या दिवशी तिच्याशी फारसे बोलली नाही. आपण खोदलेली विहीर कागदावर रिकामी राहिली, हे तिला लागले होते.

मुरुडकर सरांनी तक्ता पाहिला तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "बाई, शेजारच्या दोन विहिरींची सरासरी घालून टाका. चोवीसांत एक. कोण बघतंय?"

"मोजली नाही, सर."

"ते मला कळतं. पण रिकामा रकाना दिसला की 'माहिती अपूर्ण' म्हणून पुन्हा परत पाठवतील. पुढची बैठक सहा महिन्यांनी. तोवर माणसं बदलतील, मतं बदलतील. एका आकड्यापायी सगळा अभ्यासक्रम घालवणार का?"

विमलने तक्ता परत माझ्यात लावला.  ती म्हणाली, "मुलांना मोजायला शिकवायचं म्हणून हे सगळं करतेय मी. सुरुवातच न मोजता कशी करू?"

सरांनी पुन्हा सही केली. या वेळी ते हसले नाहीत.

अभ्यास मंडळाच्या दुसऱ्या बैठकीला विमलला बोलावणे आले. लांब टेबलाभोवती आठ जण होते. अध्यक्षस्थानी डॉ. शेषेराव, मिशीचे, कमी बोलणारे. विमलची खुर्ची दाराजवळ होती.

तासभर प्रश्न झाले. तासिका किती, शिकवणार कोण, परीक्षा कशी घेणार. एक सदस्य म्हणाले, "दोरी सोडणं हे कसब झालं. विद्यापीठानं ज्ञान द्यावं." दुसरे म्हणाले, "ज्ञान तरी कुठून येतं? आधी कुणीतरी मोजतंच की." मित्रांनो, अशी वादावादी होते ती चांगलीच. जो अभ्यासक्रम प्रश्नांवाचून पुढे जातो, त्याची मला भीती वाटते.

मग त्या पहिल्या सदस्यांनी संदर्भांच्या यादीवर बोट ठेवले. शेवटचे नाव होते : 'नागुबाई सोनकांबळे, विहीर खोदाई मजूर, खडकांच्या थरांची तोंडी माहिती.'

"हे काय? संदर्भात पुस्तकं लागतात. मजुरांची नावं येत नाहीत."

चार जणांनी माना डोलावल्या. डॉ. शेषेराव पाने उलटत राहिले. उलटता उलटता ते तक्त्यावर थांबले.

"सोनकांबळे बाई, सतरा नंबर रिकामा का?"

"मालकांनी दोरी सोडू दिली नाही, सर."

"का?"

"त्यांनी कारण सांगितलं नाही." तिने सरळ त्यांच्याकडे पाहिले. "आम्ही बौद्ध आहोत, सर."

 ते पहिले सदस्य म्हणाले, "हे विषयाला सोडून चाललंय."

"सोडून कसं?" डॉ. शेषेराव म्हणाले. "मोजणीचाच प्रश्न आहे. उद्या यांचे विद्यार्थी विहिरीवर जातील. कुणी अडवेल, कुठे काठ ढासळलेला असेल. तेव्हा त्यांनी काय लिहायचं?"

"अंदाज लिहितील," ते सदस्य म्हणाले.

"आणि त्या अंदाजावर कुणीतरी टँकर ठरवील."

त्यांनी पेनाचे टोपण काढले आणि प्रात्यक्षिकाच्या पानावर स्वतःच्या अक्षरात एक सूचना वाढवली : 'प्रत्यक्ष न मोजलेला आकडा तक्त्यात लिहू नये. रकाना रिकामा ठेवून कारण नोंदवावे.' मग त्यांनी यादीतले शेवटचे नाव तांबड्या शाईने खोडले. विमलकडे बघून ते हळू आवाजात म्हणाले, "नाव आणि ही सूचना, दोन्ही आज मंजूर होणार नाहीत, बाई. एकच पदरात पडेल."

विमल उभी राहिली.  मग ती खाली बसली आणि म्हणाली, "ठीक आहे, सर."

हे तिने नागुबाईला सांगितले की नाही, मला ठाऊक नाही. मी विद्यापीठातच राहिले.

पुढची वाट सोपी होती. विद्याशाखेने मान्यता दिली. मग विद्वत परिषदेत मी त्रेचाळिसावा विषय होते. "त्रेचाळीस?" "मंजूर." एवढेच. तीन वर्षे चाललेली गोष्ट एका मिनिटात पूर्ण झाली आणि ज्यांनी ती पूर्ण केली त्यांनी लगेच चव्वेचाळिसावा विषय घेतला.

पहिल्या वर्षी अकरा विद्यार्थी आले. तिसऱ्या वर्षी पस्तीस. मग भोकरहून एका कॉलेजाची मागणी आली, नंतर अर्धापूरहून, कारण तिथल्या केळीच्या बागांना पाणी फार लागते. त्या वर्षांत मला कुणी ना कुणी उघडून पाहायचे. रेणापूरकडच्या एका गावाने आमच्या विद्यार्थ्यांचा तक्ता दाखवून टँकर मिळवला. त्याबद्दलचे आभाराचे पत्र माझ्यात लागले आहे. त्यावर सरपंचांच्या सहीशेजारी बायकांचे सतरा-अठरा अंगठे आहेत.

त्यानंतर मला कुणी फारसे विचारले नाही. नांदेडला नवे विद्यापीठ झाले तेव्हा मी इतर फायलींबरोबर ट्रकमधून नांदेडला आले. एका पावसाळ्यात छत गळले आणि माझी शेवटची पाने एकमेकांना चिकटली. वाळवीने पुठ्ठ्याचा एक कोपरा खाल्ला. मी गप्प होते. फाईल दुसरे काय करणार?

एके दिवशी मला शिपायाने झटकून बाहेर काढले. पुन्हा लांब टेबल, पुन्हा अभ्यास मंडळ. अध्यक्षांच्या खुर्चीत विमल होती. केस कानाजवळ पांढरे झाले होते. त्या दिवशीचा विषय असा होता, की पदवीच्या भूगोलात भूजल मोजणीचा एक पेपर सर्वांना सक्तीचा करावा. तो झाला तर माझा वेगळा अभ्यासक्रम चालू ठेवण्यात अर्थ नव्हता.

सदस्य चुळबुळत होते. लता नावाच्या तरुण प्राध्यापिका म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही उभा केलेला अभ्यासक्रम आहे. तेवढा राहू द्या. आमची कुणाची हरकत नाही."

विमलने माझी नाडी सोडली. चिकटलेली पाने तिने नखाने एक एक सुटी केली. वेळ लागला, तिने लागू दिला. मग ती म्हणाली, "यात वर्षाला किती मुलं शिकतात?"

"सगळ्या कॉलेजांची मिळून साठ-सत्तर."

"आणि पेपर सक्तीचा केला तर?"

"हजाराच्या वर, मॅडम."

"मग राहू द्या कशाला म्हणता? बंद करा हा. सगळ्यांनाच शिकवा."

मग तिनेच ठराव लिहिला, तिनेच आधी सही केली. शिक्का उचलून तिने तो शाईच्या पॅडवर दोनदा दाबला आणि माझ्या पुठ्ठ्यावर उमटवला : 'बंद'. शाई वाळेपर्यंत तिचा हात पुठ्ठ्यावर होता.

मित्रांनो, आता मी नांदेडच्या अभिलेख कक्षात खालच्या मांडणीवर असते. माझ्यासारख्या पुष्कळ जणी इथे आहेत. तुमच्या पुस्तकातला एखादा धडा, एखादी सूचना तुम्हाला विनाकारण घातलेली वाटली, तर ती कुणी घातली आणि का घातली, हे शिक्षकांना विचारा. बदलायची असेल तर जरूर बदला, पण आधी कारण वाचा. उत्तर कुणालाच देता आले नाही तर इथे या. हात कोरडे असू द्या, पाने सावकाश उलटा. आणि वाचून झाले की नाडीला साधीच गाठ मारा. तुमच्यानंतर येणाऱ्याला ती सोडता आली पाहिजे.