अंगठाभर जागा

बूटवाल्याच्या दुकानात एकच नियम होता आणि तो काउंटरमागच्या पाटीवर लिहिलेला होता : 'पुढे अंगठाभर जागा.' गिऱ्हाईक नवा बूट घालून उभं राहिलं की तो खाली बसायचा आणि बुटाच्या टोकावर अंगठा दाबायचा. आत जागा लागली नाही, तर विकायला साफ नकार. एकतीस वर्षांत त्याने भल्याभल्यांना एक नंबर वर ढकललं होतं.

त्यामुळे गुरुवारी त्याची स्वतःची मुलगी दुसऱ्याच दुकानातून बुटांचा खोका घेऊन आली, तेव्हा त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"घरचं दुकान ओस पडलंय का?"

"बाबा, तुमच्याकडे चालायचे बूट मिळतात. मला भिंतीचे हवेत."

ती चढाईच्या हॉलमध्ये जायची. तिथे दोन माणसं उंच, अंगावर कोसळतील अशा झुकलेल्या भिंती होत्या, त्यांवर रंगीत पकडी ठोकलेल्या आणि खाली जाड गाद्या. दोर नाही, काही नाही. तिथली मंडळी तिला 'पाल' म्हणायची. पोरीला पाल म्हणतात म्हणून बूटवाल्याचा जीव तुटायचा; तिला मात्र ते नाव आवडायचं. रविवारी संघाची निवड होती. जागा चार, त्यातल्या तीन ठरल्यासारख्या. आणि पालीच्या जुन्या बुटातून अंगठा बाहेर डोकावत होता.

बूटवाल्याने नवा बूट फिरवून पाहिला. टोक खाली वळलेलं, तळवा केळ्यासारखा वाकडा.

"हा बूट आहे की पोपट?"

"उलट्या भिंतीवर पाय सुटायला बघतो. हे टोक पकडीला ओढून धरतं."

"घाल बघू."

तिने ओठ आवळून पाय आत कोंबला. त्याने अंगठा दाबला. नखाएवढीही जागा नव्हती. बोटं आत दुमडून बसली होती.

"अगं, दोन नंबर लहान आहे! कुणी मारला तुझ्या गळ्यात?"

"असेच घट्ट घालतात हे. अंगठ्याशेजारचं बोट जरा जास्तच दुखतंय, पण चालायचंच."

"पाय तिचा, बूट तिचा," आतून आई म्हणाली. "तुम्ही मध्ये पडू नका."

"बरं," बूटवाला म्हणाला. त्याच्या 'बरं'चा अर्थ इतक्या वर्षांत बायकोला कळायला हवा होता.

शुक्रवारी मुलगी कॉलेजला गेली आणि खोका बापाच्या काखेतून दुकानात गेला. त्याने कातडं आतून ओलं केलं, बूट सैल करायचा लाकडी फर्मा घातला आणि त्याचा स्क्रू पिळला. सकाळी एक फेरा, दुपारी दोन, आणि संध्याकाळी काढण्याआधी आणखी एक, प्रेमाचा.

शनिवारी तो मुद्दाम तिच्याबरोबर हॉलवर गेला.

"आज जरा बरे वाटतायत," बूट चढवताना ती म्हणाली. तो गालातल्या गालात हसला.

ती भिंतीवर चढली. छतासारख्या झुकलेल्या भागाशी येऊन तिने पाय उचलला, डोक्याच्याही वर नेला, एका पिवळ्या पकडीवर टाच अडकवली आणि जोर लावला. टाचेचा भाग पकडीवर राहिला. बूटही राहिला. मुलगी तेवढी गादीवर आली.

सगळ्यांनी वर पाहिलं. बूट एकटाच लटकत होता.

"पाल शेपूट टाकते, माहीत होतं," प्रशिक्षक म्हणाले. "बूट टाकलेला पहिल्यांदाच बघतोय."

काठीने बूट खाली पाडण्यात आला. तिने टाचेच्या आत बोटं घातली. मग बापाकडे पाहिलं.

"बाबा, दुकानात तो फर्मा आहे ना अजून?"

"आहे."

"तुम्ही?"

"थोडासाच."

"थोडासा म्हणजे किती?"

"अंगठाभर."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "उद्या निवड आहे हो," एवढंच म्हणून ती खाली बसली.

दुपारी दोघं त्या दुसऱ्या दुकानात गेली. बूटवाला मान खाली घालून स्टुलावर बसला. विक्रेत्याने तसाच नवा जोड आणला, मुलीने मोजे काढले, आणि सवयीने बूटवाल्याने तिचा पाय हातात घेतला.

"हिचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे," तो विक्रेत्याला म्हणाला. "आईचा पाय आहे हा. आणि तुमच्या या बुटाचं टोक अंगठ्याकडे वळलंय. लांब बोट जाणार कुठे? टोक जरा मधे असलेला दाखवा."

"सैल?"

"घट्टच," बूटवाला कसाबसा म्हणाला.

चौथ्या जोडाला त्याने टाच सगळीकडून दाबून पाहिली. कुठे पोकळी नव्हती.

"टोचतंय कुठे?"

"नाही. घट्ट आहे, पण सगळीकडे सारखं. ते बोटसुद्धा गप्प आहे."

त्याने टोकावर अंगठा दाबला. जागा नव्हती. अंगठा बराच वेळ तिथेच राहिला.

"बसला," तो गुन्हा कबूल केल्यासारखा म्हणाला.

रविवारी शेवटच्या भिंतीवर तिने पाय डोक्यावर नेला, टाच अडकवली. सगळे तिच्या हातांकडे बघत होते, बूटवाला एकटा टाचेकडे. बूट राहिला. मुलगीही राहिली. मग तिने हळूच शरीर वर ओढलं आणि शेवटची पकड दोन्ही हातांनी धरली.

चौथं नाव वाचलं गेलं तेव्हा ती गादीच्या कडेला बसून पायाची बोटं चोळत होती.

"दुखतंय?"

"भयंकर," ती तोंडभर हसत म्हणाली.

सोमवारी दुकान उघडल्यावर बूटवाल्याने पाटी खाली उतरवली, रंगाचा डबा उघडला आणि नियमाखाली बारीक अक्षरात दोन शब्द लिहिले : 'पाली वगळून.'