बाकीचे तारे

वायरमनने बायकोला खुर्चीसकट उचलून गच्चीवर आणलं आणि कठड्याशी ठेवलं. दोन जिने चढूनही त्याला धाप लागली नाही, आणि तेच त्याला सोसवलं नाही. डॉक्टरांनी हात टेकून तिला घरी पाठवलं, त्याला आज नऊ दिवस झाले होते.

"काही दिसत नाही हो," ती म्हणाली. "तुमच्या दिव्यांनी आभाळ खाल्लंय."

गल्लीतला प्रत्येक खांब त्यानेच उभा केला होता. तीस वर्षं ती चर्चमधल्या मुलांना अंधार पडला की अंगणात नेऊन तारे दाखवायची, हे बघा देवाचं गौरव म्हणायची. चर्चकडे कधी न फिरकणारा तो तिला चिडवायचा, "तुझ्या देवाच्या दिव्यांचा वायरमन कोण गं?"

"त्याचे बिघडतच नाहीत," ती म्हणायची.

आजारपणात तिची प्रार्थना बंद पडली. चर्चचे पाळक आले की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आज दुपारी मात्र आपणहून म्हणाली, एकदा आभाळ बघू द्या, ते तरी जागेवर आहे का ते कळेल.

तो खाली गेला आणि कोपऱ्यावरच्या पेटीतला खटका ओढला. गल्ली काळोखात बुडाली.

"कोण रे तो शहाणा?" कुणीतरी खिडकीतून ओरडलं.

वर येऊन त्याने मान मागे टाकली. गल्लीपलीकडे सगळं शहर लखलखतच होतं. आभाळ राखेच्या रंगाचं होतं आणि त्यात तीन तारे.

"तीनच?"

तिचा आवाज इतका खचला होता, की त्याला भीती वाटली.

"बाकीचे आहेत गं. सगळे आहेत. उजेडामुळे दिसत नाहीत एवढंच."

"तुम्हाला काय माहीत?"

खांबाच्या टोकापलीकडे त्याने जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

"जा, दिवे लावा," ती म्हणाली. "कुणीतरी धडपडेल."

तो दिवे लावून परत आला, तेव्हा ते तीनही गेले होते. ती अजून तिकडेच बघत होती.

"खाली जायचं?"

"थांबा जरा."

तो खुर्चीमागे उभा राहिला आणि खालचा उजेड लागू नये म्हणून दोन्ही हातांचा आडोसा तिच्या डोळ्यांशी धरला. हात भरून आले, तरी त्याने ते काढले नाहीत.