शिंगाची कड

शिंगाची कड आखडलेल्या उजव्या खांद्यामागच्या गाठीवर चढली तशी भोजराजनं डाव्या हाताची चपराक मैनाबाईंच्या कानशिलात ठेवून दिली. बाईंचा पदर खाली आला. म्हशीच्या शिंगाची ती गुळगुळीत पट्टी मात्र त्यांनी हातातून सुटू दिली नाही.

"प्रेमलाल, याचा तो हात धर," त्या म्हणाल्या. "अन् धरला तं नीट धर."

प्रेमलाल हा भोजराजचा शेजारी, त्याच्याबरोबरच राइस मिलमध्ये पोती वाहणारा. त्यानं डावा हात ओढून गुडघ्याखाली दाबला. मैनाबाईंनी पदर खोचला, मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, कोमट तेल खांद्यावर पुन्हा ओतलं आणि शिंगाची बोथट कड मानेच्या बुडापासून दंडापर्यंत ओढली. कातडीखाली कुरकुर झाली. आधी लाली आली, मग जांभळे ठिपके उठले. भोजराजनं आईबहिणीवरून शिव्या घातल्या. मैनाबाईंना, प्रेमलालला, मिलच्या मुनीमालाही. बाईंना त्याचं काही नवल नव्हतं. पार लामत्यापासून लोक आखडलेली अंगं घासून घ्यायला कटंगीला त्यांच्या ओट्यावर येत, आणि त्यांतल्या एकाचंही तोंड आखडलेलं नसे.

"हात कशानं गेला?" त्यांनी विचारलं.

"पोतं उचलताना."

भोजराजची बायको साधना तेलाची वाटी धरून शेजारी बसली होती. हे ऐकून तिचा हात जरा हलला आणि तेल त्याच्या मांडीवर सांडलं. त्यानं बसल्या जागेवरून तिच्या पोटात लाथ घातली. ती भिंतीवर आदळली, वाटी घरंगळत अंगणात गेली. साधना उठली, पोट धरून वाटी शोधून आणली, पदरानं पुसली आणि पुन्हा होती तिथं येऊन बसली. ते बसणं पाहून मैनाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"याले विहिरीवर ने," त्या प्रेमलालला म्हणाल्या. "तोंड धुवू दे. खांद्याले पाणी लावू नको."

दोघं गेले तशी साधना जवळ सरकली.

"मावशी, पोतं नाही. मले माराले मुसळ उगारलं होतं. मी वाकली, मुसळ दाराच्या चौकटीवर बसलं. तवापासून त्यायचा हात खांद्याच्या वर जात नाही."

"मंग?"

"हात बरा नका करू."

साधनानं चोळीची बाही वर सारली. दंडावर जुने डाग होते, काळे पडलेले. नवा एकही नव्हता.

"पाहा. लाथ सोसता येते, मावशी. तो हात नाही सोसता येत."

"अन् मिल?"

"मुनीम म्हणे, हात नाही तं काम नाही. तांदूळ सरत आले." "बरा नाही झाला तं उपाशी मरणं आहे. बरा झाला तं त्यायच्या हातानं. तुम्हीच सांगा मी काय करू."

ओट्यावर आलेलं अंग अर्धवट सोडायचं नाही, ही मैनाबाईंच्या सासूची शिकवण. दुसरीही एक रीत होती: पहिला दिवस मैनाबाईंचा, पुढचे सगळे घरच्या बाईचे. शिंग त्या घरी जायचं आणि हात पुरता वर गेला की परत यायचं. म्हणजे जो हात हिच्या जिवावर उठला होता, तो हिनंच रोज घासून बरा करायचा. ही रीत आज पहिल्यांदा त्यांना नकोशी वाटली. भोजराजचा राग आलाच होता, सासूचाही आला.

भोजराज ओल्या तोंडानं येऊन बसला.

"उद्यापासून तुही बायको घासन," मैनाबाई म्हणाल्या. "ये वो पोरी, शिंग धर."

"हिले काय येते?"

"शिकवून राह्यली न मी."

त्यांनी साधनाची मूठ शिंगावर बसवली आणि वरून आपला हात ठेवला.

"असं वरून खाली. हाडावर नाही, मांसावर. लाल झालं का थांबायचं." मग तिचा हात बाईंनी भोजराजच्या दंडाच्या मागच्या बाजूला नेला, जिथं बोट आपसूक खोलगट जागेत घसरतं तिथं. "अन् हे ठिकाण. इथं कड उभी धर. आता दाब."

साधनानं दाबलं.

भोजराजचा आवाजसुद्धा निघाला नाही. तोंड नुसतं उघडं राहिलं आणि तो ओट्यावर आडवा झाला. हात मेल्यासारखा बाजूला पडला, त्याची बोटं मात्र उडत होती. साधनानं भिऊन शिंग उचललं.

"हे रोज दाबायचं नाही," मैनाबाई म्हणाल्या. बोलताना त्या भोजराजकडेच पाहत होत्या. "हे तिले फक्त ठाऊक असू दे. माणूस झोपला असला तरी सापडते हे ठिकाण."

भोजराजनं डोळे पुसले आणि बायकोकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून इतकं निरखून त्यानं तिला पाहिलं नसेल.

पुढे प्रेमलालकडून खबर येत राहिली. रोज त्या घरातून ओरडणं ऐकू येई, पण आता ते भोजराजचं. मग तो मिलवर जायला लागला, पोतं पाठीवर घ्यायला लागला.

एका बाजाराच्या दिवशी मैनाबाई शिंग परत आणायला गेल्या आणि दारातच थबकल्या. घरात करपल्या भाताचा वास होता. भोजराज साधनापुढे उभा होता, शिवी हासडत. त्याचा उजवा हात वर गेला, कानाला लागून, सरळ, पुरता. साधना चुलीपुढून हलली नाही. तिनं कोनाड्यातलं शिंग तेवढं काढलं आणि मांडीवर ठेवलं.

हात वरच राहिला. मग हळूहळू खाली आला आणि भोजराज डोकं खाजवू लागला.

"करपला तं करपला. वाढ," तो म्हणाला आणि पाटावर बसला.

मैनाबाई खाकरल्या.

"शिंग नेयाले आलती, पोरी. हात आला का पुरता?"

साधनानं शिंग पदराखाली घेतलं.

"नाही, मावशी. अजून नाही आला."

भोजराजनं ताटावरून मान वर केली नाही.

"हौ," मैनाबाई म्हणाल्या. "वेळ लागन."

तिथून त्या सरळ बाजारात गेल्या आणि शिंगाच्या फण्या करणाऱ्याकडे बसून दुसरं शिंग निवडू लागल्या.