भोसरीहून जर्मनीमार्गे

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या जुलैपर्यंत मी पश्चिम जर्मनीत शिकत होतो, असं मी आमच्या घरी सगळ्यांना भासवलं होतं. मी होतो भोसरीत. पिंपरीच्या आमच्या कॉलनीपासून भोसरी सायकलवर अर्ध्या तासावर. मार्चपासून मी त्या अर्ध्या तासावर राहत होतो आणि आईला लिहीत होतो की इथे अजून थंडी आहे.

यात हसण्यासारखं आहे हे मलाही कळतं. तेव्हा मात्र रडूसुद्धा येत नव्हतं, इतका मी आतून सुकलो होतो.

झालं असं की आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून दरवर्षी दोन विद्यार्थी एका वर्षासाठी तिकडच्या विद्यापीठात पाठवायचे आणि तिकडचे दोघं इकडे यायचे. त्या वर्षी माझी आणि सुरेंद्रची निवड झाली. सुरेंद्र पुण्याचा, वकिलाचा मुलगा. मी पिंपरीतल्या मोठ्या कंपनीतल्या भिवा फिटरचा. आमच्या वस्तीतला विमानात बसणारा पहिलाच पोरगा मी, त्यामुळे बुद्धविहारात सत्कार झाला. युनियनचे सोपानराव तासभर बोलले. लोकांनी मला सूटकेस दिली आणि कॉलनीतल्या पेंटरने तिच्यावर पांढऱ्या रंगात ठळक अक्षरांत माझं नाव आणि खाली ‘पश्चिम जर्मनी’ असं रंगवलं. अजून विमानात पाऊल नाही आणि गळ्यात हार. आपल्या लोकांना सत्काराची घाईच फार. पण त्यांना तरी काय बोलू? माझ्या अगोदर त्यांना कुणाचा सत्कार करायला मिळाला होता?

आबा, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी मागच्या रांगेत बसले होते. पुढे बोलावलं तर उठले नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, “काम नीट कर. बाकी सगळं हुतंय.”

काम नीट झालं नाही. सहा महिने कॉलेजात घोकून शिकलेलं जर्मन तिथल्या वर्गात पहिल्या पाच मिनिटांत संपायचं. प्राध्यापक बोलायचे, फळा भरायचा, पुसला जायचा, आणि मी मान हलवत बसायचो. कुणी काही विचारलं की “या, या”, म्हणजे हो, हो, म्हणायचो. लोक वाईट नव्हते. वाईट असते तर मला कुणावर तरी चिडता आलं असतं. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडायचा. वसतिगृहाच्या खोलीत दुहेरी काचेची खिडकी होती, तिच्यातून रस्त्याचा आवाजसुद्धा आत यायचा नाही. नाताळच्या सुट्टीत सलग चार दिवस माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. पाचव्या दिवशी मी रेल्वे स्टेशनवर जाऊन बाकावर बसलो, नुसती माणसं ऐकायला. जानेवारीपासून वर्गात जाणं सोडलं. सुरेंद्र दार वाजवायचा, मी झोपेचं सोंग घ्यायचो. सहामाही परीक्षेत पाचपैकी चार विषय गेले. नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती थांबली आणि परतीचं तिकीट हातात पडलं.

मुंबईला उतरून पुण्याच्या गाडीत बसलो. घरीच निघालो होतो, शपथेवर सांगतो. पिंपरी स्टेशन आलं, सूटकेस उचलली, दारापर्यंत गेलो आणि फलाटावर आमच्या कॉलनीतली दोन माणसं उभी दिसली. मी दारातून मागे सरकलो. गाडी सुटली, पिंपरी मागं पडली. दोन दिवसांनी भोसरीत एका पत्र्याच्या खोलीत मी सूटकेस भिंतीला लावून ठेवली. नावाची बाजू भिंतीकडे.

भोसरीत तेव्हा गल्लोगल्ली छोटी वर्कशॉपं होती. दौलतरावांच्या वर्कशॉपात मला काम मिळालं. नाव विचारलं तर तोंडात आलं सुरेंद्र, तेच लावलं. दाढी वाढवली. मोठ्या कंपनीसाठी लोखंडी पट्ट्या बनायच्या, त्यांच्या कडा कानशीने साफ करून द्यायचं माझं काम. माल आबांच्या कंपनीत जातो हे ठाऊक होतं. पण आबा असेंब्लीत, जोडणीच्या कामावर. हजारो माणसांच्या कंपनीत बाहेरचा माल कुठल्या दारातून येतो हे त्यांना कशाला कळेल, अशी मी मनाची समजूत घातली.

पत्रांची व्यवस्था सुरेंद्रने केली. त्याला ती अजिबात पटत नव्हती, तरी केली. मी भोसरीत पातळ कागदावर घरचं पत्र लिहायचो आणि जर्मनीला पाठवायचो. तो तिथल्या पाकिटात घालून, तिथलं तिकीट लावून पिंपरीला रवाना करायचा. घरची पत्रं तशीच उलट्या वाटेनं त्याच्याकडून माझ्याकडे. एप्रिलमध्ये पत्रा तापून डोकं भणभणायचं आणि मी उघड्या अंगानं लिहायचो की झाडांना आता पालवी फुटते आहे. आई विचारायची, सोटर घालतोस ना? धाकटी बहीण कस्तुरा लिहायची की तुझी पत्रं विहारात मोठ्यानं वाचतात. ते वाचलं की दोन दिवस जेवण जात नसे.

ठरवलं होतं की सप्टेंबरला वर्ष भरलं की सूटकेस घेऊन ऐटीत घरी जायचं. पुढं प्रमाणपत्र विचारलं तर काय, याचा विचार मी करत नव्हतो. माणूस बुडायला लागला की पुढच्या श्वासापुरतंच बघतो.

एप्रिलच्या शेवटी दौलतराव कंपनीतून खुशीत आले. “सुरेंद्र, कंपनीत नवीन इन्स्पेक्टर आलाय भावा. म्हातारा लई कडक. मापाचं गेज लावायच्या आधी अंगठा फिरवून बघतो. बाकीच्यांचा माल परत, आपला एक पीस न्हाई. विचारत हुता, ही कड कोण मारतं म्हणून.”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“तुझं नाव सांगितलं. म्हाताऱ्यानं परत एकदा समद्या पट्ट्या हातात घेऊन बघितल्या, मग सही केली.”

वर्षभरात कुणी माझ्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं. मी त्या रात्री पोटभर जेवलो. गाढव होतो मी, दुसरं काय!

मे-जूनमध्ये सुरेंद्रकडून काही आलं नाही. तो दुसऱ्या गावी एका कारखान्यात शिकाऊ म्हणून दोन महिने गेला होता, हे मला नंतर कळलं. घरची पत्रं त्याच्या बंद खोलीत दाराखाली साठत होती. मला वाटलं, कंटाळला. चूक त्याची नव्हती.

गुरुवारी पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी. सुट्टीच्या दिवशी पिंपरीची माणसं भोसरीला पाहुण्यांकडे, बाजारहाटाला येतात, म्हणून गुरुवारभर मी दाराला कडी लावून बसायचो. जूनच्या एका गुरुवारी रॉकेल संपलं म्हणून तेवढा बाहेर पडलो. कोपऱ्यावरून एसटीचा थांबा दिसतो. थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर छत्री टेकून एक म्हातारा पाठमोरा बसलेला दिसला. ओळखीचं कुणी असेल या भीतीने मी तिथूनच मागे फिरलो. दिवसभर कच्चे पोहे खाल्ले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दौलतराव चिडून परतले. चाळीस पट्ट्या रिजेक्ट. “तो म्हातारा गेला रं. आपणहून अर्ज दिला म्हणं, मला इन्स्पेक्शन नको, परत असेंब्लीत टाका. या वयात! पाठ मोडलीया त्याची. आता हा नवा पोरगा आलाय तो गेजशिवाय बोलत न्हाई.”

त्यानंतर चारच दिवसांनी सुरेंद्रचं जाडजूड पाकीट आलं. माफी मागणारी चिठ्ठी आणि घरची तीन पत्रं. दोन कस्तुराच्या हातची. तिसरं आबांच्या स्वतःच्या हातचं. आबा चौथी शिकलेले, पत्र कधी स्वतः लिहीत नसत. वर तारीख होती चार मे.

“चि. जयसिंगास भिवाचा जयभीम. पाठीच्या दुखण्यामुळं मला इन्स्पेक्शनला दिलं हाय. बाहेरचा माल तपासतो. गेल्या आठवड्यात दौलतराव यांच्या पट्ट्या हातात आल्या. चौथा कोपरा अंगठ्याला कळंल एवढा जास्त घासून मोडलेला. दोनशे पट्ट्या बघितल्या, दोनशेचा मोडलेला. नाव विचारलं तर सुरेंद्र म्हणाले. तुझ्यासंगं गेलेल्या मित्राचं नाव.”

ती ओळ परत वाचली. चौथा कोपरा! शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आबांनी मोरीच्या कट्ट्याला नग धरायचा व्हाइस बसवून मला कानस धरायला शिकवलं होतं. तीन कोपरे सारखे आणि चौथा थोडा जास्त मोडायचा, म्हणजे जोडणी करणाऱ्याला न बघता नुसत्या बोटांनी कळतं, पट्टीची कुठली बाजू वर. ही आबांची स्वतःची युक्ती. माझ्या हाताला ती इतकी बसली होती की मी तसं करतो हेच मला माहीत नव्हतं. नाव बदललं, दाढी वाढवली, सूटकेस फिरवून ठेवली, आणि दर लॉटबरोबर दोनशे वेळा सही करून वडिलांकडे पाठवत होतो.

पत्रात पुढं होतं, “माल चांगला हुता. पास केला. तू का आलास ते मी विचारणार न्हाई. तुझ्या आईला सांगितलेलं न्हाई. वर्कशॉपात येऊन तुला धरणं म्हणजे चोर धरल्यावानी व्हईल, ते मला जमणार न्हाई. तू आपल्या पायानं यावं. पत्र तिकडं जाऊन तुझ्याकडं यायचे दिवस मोजले. जूनच्या समद्या गुरुवारी दहा ते बारा मी भोसरीच्या थांब्यावर टपरीपाशी बसंन. आलास तर दोघं मिळून घरी जाऊ. न्हाई आलास तर तुला यायचं न्हाई असं मी समजंन.”

जूनमध्ये पाच गुरुवार होते. पाचही गुरुवार माझा बाप माझ्या खोलीपासून चार मिनिटांवर बसला होता आणि मी आतून कडी घालून बसलो होतो. मी तोंडात बोळा कोंबून ओरडलो, कारण पत्र्याच्या खोलीत शेजारचं सगळं ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी दौलतरावांना न सांगता कामावरून उठलो आणि तशाच कळकट कपड्यांत चालत पिंपरीला निघालो. घरी जाता आलं असतं. पण आबांनी आईला काही सांगितलं नव्हतं, तिच्या देखत त्यांना खोटं पडायला लावायचं नव्हतं. साडेतीनला पहिली पाळी सुटते. कंपनीच्या गेटसमोर उभा राहिलो. भोंगा झाला आणि माणसांचा लोंढा बाहेर आला. माझा सत्कार केलेली माणसं. ओळखत होती, थबकत होती. मी कुणाकडे बघितलं नाही. पळून जायची इच्छा इतकी अनावर झाली की मी गेटच्या शेजारचा लोखंडी खांब धरून ठेवला.

आबा आले. एक हात कमरेवर. दहा महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारे झालेले. मला बघून उभे राहिले. त्यांच्या शेजारी सोपानराव होते.

“अरे, जयसिंग? राव, तू कधी आलास?” सोपानराव म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत आबाच बोलले, “आत्ता आला. इमानातनं उतरून सरळ हितंच.”

सोपानरावांनी माझ्या हातांकडे बघितलं. तेल, लोखंडाचा कीस, नखांत काळं. बत्तीस वर्षं कारखान्यात घालवलेल्या माणसाला विमानातून आलेले हात कळतात. ते आबांकडे बघत राहिले. आयुष्यात एक खोटा नग पुढं न सरकवलेला माझा बाप मान खाली घालून उभा होता.

“बरं झालं,” सोपानराव म्हणाले. “घरी जावा. आई तुझी, गिरजाबाई, वाट बघत आसंल.” आणि ते पुढं निघून गेले.

आम्ही चालू लागलो. मग पुढं बघतच आबा म्हणाले, “पाच गुरुवार बसलो.”

“आबा, पत्र काल मिळालं.”

ते थांबले. “काल?”

“सुरेंद्र गावाला गेला होता. काल संध्याकाळी आलं. मला माहीतच नव्हतं आबा. माहीत असतं तर पहिल्याच गुरुवारी आलो असतो. पळत आलो असतो.”

आबा रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसले. चेहऱ्यावर आनंद नव्हता. भीती होती. वडिलांना घाबरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

“मला वाटलं, तू आला न्हाईस,” ते म्हणाले. “मला वाटलं, बाप नको झाला. पाचव्या गुरुवारी घरी गेलो आन् दुसऱ्या दिवशी आणिक एक पत्र टाकलं. जर्मनीला.”

“काय लिहिलंत?”

त्यांनी माझा हात धरला. अंगठा माझ्या बोटांच्या घट्ट्यांवरून फिरत राहिला.

“ते आलं की फोडू नगंस,” ते म्हणाले. “एवढं ऐक.”

घरी गेलो. आई रडली, कस्तुरा रडली. आईला खरं सांगितलं, आणि कॉलनीला हळूहळू कळायचं ते कळलंच. चार दिवस कुजबुज झाली. सूटकेस मी भोसरीहून आणली आणि पेंटरने त्याच्या हातानं ‘पश्चिम जर्मनी’वर रंग मारला. मी त्याच कंपनीत लागलो आणि आबा निवृत्त होईपर्यंत आम्ही एका पाळीत होतो.

ते पत्र ऑगस्टमध्ये सुरेंद्रकडून फिरून आलं. मी आबांपुढे ठेवलं. त्यांनी हात लावला नाही आणि फाडून टाक असंही म्हणाले नाहीत. आबा जाऊन आता सात वर्षं झाली. त्यांच्या हातची जगात दोनच पत्रं आहेत. एक मला पाठ आहे. दुसरं कपाटात आहे. आठवण अनावर झाली की मी ते काढतो, उजेडाकडे धरतो, आणि आतली अक्षरं दिसायला लागायच्या आत परत ठेवून देतो.