फ्यूजच्या हातातली वीज

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिन्यापासून रांग लागली होती आणि प्रत्येक आईबापाच्या शेजारी एकेक ओशाळलेलं पोर उभं होतं. पुढे टेबलावर तांब्याच्या दोन चकत्या आणि काचेच्या गोलात एक दिवा. वायर कुठे दिसत नव्हती. पलीकडे खुर्चीत दिवेवाले महाराज.

"कोणत्या शाखेत जायचं, हे बुद्धी ठरवत नाही," महाराज डोळे मिटून सांगत होते. "गुण ठरवत नाहीत, शाळा ठरवत नाही. हात ठरवतो. हातात योग असेल तर दिवा बोलेल. नसेल तर मास्तर डोकं आपटून मेला तरी काही होणार नाही."

माझ्याकडे पाहून दोघंतिघं हसले. मी त्यांच्याच पोरांना विज्ञान शिकवते. आमच्या हायस्कुलात दहावीपासून एक तांत्रिक शाखा निवडता येते: विद्युत, वाहनदुरुस्ती, रुग्णसेवा, छपाई, बेकरी. जागा मोजक्या, आणि एकदा निवडली की बहुतेकांना तीन वर्षं तीच. त्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत घराघरांत झोप उडालेली असते. त्यात दोन वर्षांपूर्वी हे महाराज उगवले. त्यांनी ज्या मुलाला जी शाखा सांगितली, त्याला ती मिळालीच, अशी त्यांची ख्याती. माझा अर्धा वर्ग तिथे जातो म्हटल्यावर मी बघायला गेले आणि रांगेत उभी राहिले.

माझ्या पुढे फ्यूज आणि तिचे बाबा होते. लहानपणी चटकन उडायची म्हणून काकाने तिला हे नाव ठेवलेलं, ते शाळेतही चिकटलं. आता ती शांत झाली होती. वर्गातला पंखा घरघरला की शिपायाच्या आधी हिलाच कळायचं, कुठे काय सैल झालंय ते. बाबा बसड्रायव्हर, कमी बोलणारा माणूस.

महाराजांचा टकला शिष्य रांगेतून फिरत होता, ज्याच्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारपूस करत.

"पोरगी कुठे जाते म्हणते?" त्याने विचारलं.

"विद्युत."

"मग तुमचा चेहरा का उतरलाय, दादा?"

बाबांनी आवाज खाली आणला. "माझा धाकटा भाऊ वायरमन होता. खांबावरच गेला. तारेत पुरवठा बंद आहे, असं त्याला सांगितलं होतं."

शिष्याने हळहळून मान हलवली आणि पुढे जाऊन महाराजांचं उपरणं सारखं करायला वाकला. जरा जास्तच वेळ वाकला.

फ्यूजची पाळी आली. शिष्याने तिच्या तळहातांना जाडसर सुगंधी मलम चोळलं, 'शुद्धी' म्हणून. महाराज म्हणाले, "विद्युत." तिने चकत्यांवर हात ठेवले. दिवा लागला नाही.

महाराजांनी डोळे उघडले. "या घरातून विजेने एक माणूस नेलाय. खांबावरून. तो सांगतोय, पोरीला इकडे पाठवू नका."

बाबांनी टेबलाची कड धरली. कुणीतरी त्यांना खुर्ची दिली. मग शिष्याने दुसऱ्या वाटीतल्या पाण्याने फ्यूजचे हात स्वच्छ धुतले, महाराज "छपाई" म्हणाले, आणि दिवा लख्ख पेटला. हॉलभर सुस्कारा फिरला. बाबा तोंड झाकून रडत होते. फ्यूज स्वतःच्या ओल्या हातांकडे बघत होती.

सोमवारी बाबांनी शाळेत जाऊन तिची शाखा बदलून टाकली. विद्युत शाखेत तिची निवड जवळपास नक्की होती. ती जागा त्याच दुपारी दुसऱ्याला गेली.

मला हे मंगळवारी फ्यूजनेच सांगितलं. मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेत आली. रडून झालेलं दिसत होतं.

"बाई, काका खरंच असं म्हणाला असेल?"

"रांगेत तुझे बाबा त्या शिष्याला काय म्हणाले, ते मी मागे उभी राहून ऐकलंय. महाराजांना काकाबद्दल तेवढंच ठाऊक होतं. एक अक्षर जास्त नाही."

तिने स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, "मलम आधी लावलं आणि पाणी नंतर. उलट केलं असतं तर?"

आम्ही कपाट उघडलं. बॅटरी, बारीक प्रवाह मोठा करणारा एक ट्रान्झिस्टर, छोटा दिवा, पत्र्याचे दोन तुकडे. जोडणी तिनेच केली. हात ओले करून पत्र्यांवर ठेवले की अंगातून अगदी बारीक प्रवाह जातो, जाणवतसुद्धा नाही, आणि त्याच्या इशाऱ्यावर बॅटरी दिवा पेटवते. मग मी मेणाचं मलम आणलं. ते तळहातांना थापलं की प्रवाहाची वाट अडली. दिवा बंद. फ्यूजने हे पाचसहा वेळा करून पाहिलं. तोंडाने 'छपाई' म्हणत पाहिलं, 'विद्युत' म्हणत पाहिलं, शेवटी 'वांगं' म्हणत पाहिलं. दिव्याला नावाशी काही देणंघेणं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी पुन्हा गेलो. बाबांना तिने कसंबसं ओढून आणलं. टेबलापाशी पोचल्यावर शिष्य मलमाची वाटी घेऊन पुढे आला.

"आज आधी पाणी लावा," फ्यूज म्हणाली.

"शुद्धीचा क्रम मोडत नाहीत, बाळा."

"मोडला तर काय होईल?"

शिष्याने महाराजांकडे पाहिलं. तेवढ्यात मी पिशवीतलं ओलं फडकं काढून दोन्ही चकत्यांवर आडवं टाकलं. दिवा लख्ख पेटला.

मग मागून एक आजोबा म्हणाले, "आता या फडक्याला कुठल्या शाखेत घालायचं, महाराज?"

हशा पिकला. महाराज म्हणाले, "अश्रद्ध माणसाच्या सावलीने यंत्र बिघडतं," आणि टेबलावरचं कापड दोन्ही हातांनी घट्ट धरलं. फ्यूजने दुसरं टोक उचललं. टेबलाखाली बॅटरी खिळ्यांना बांधलेली होती. चकत्यांपासून तिथपर्यंतच्या वायरी फळीला भोकं पाडून आणल्या होत्या. "जोडणी चांगली केलीय," ती हळूच मला म्हणाली.

तरी एक बाई उठल्या. "दिव्याचं राहू द्या. पण यांनी सांगितलेली शाखा मिळते, त्याचं काय? माझ्या मुलाला बेकरी सांगितली, मिळाली."

"बेकरीत दरवर्षी निम्म्या जागा रिकाम्या राहतात," मी म्हटलं. "छपाईतही. मागेल त्याला मिळते. विद्युत आणि वाहनदुरुस्तीला झुंबड असते, म्हणून तिकडे यांचा दिवा कुणासाठीच लागत नाही. कुणाला लागलेला आठवतोय?"

लोक एकमेकांची तोंडं बघू लागले. कुणालाच आठवेना. त्या बाई खाली बसल्या. "त्याला गाड्यांचं वेड होतं," त्या शेजारणीला म्हणाल्या. "पीठ मळताना बोलत नाही हल्ली कुणाशी."

यानंतर सगळं सुरळीत झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. महाराज महिनाभरात दुसऱ्या वस्तीत गेले. तिथे दिव्याऐवजी लोलक फिरतो, असं ऐकते. आमच्या मुख्याध्यापकांना मी म्हटलं, शाळेनेच पालकांना बोलावून हे समजवायला हवं. ते म्हणाले, "रिकाम्या जागा भरत होत्या, बाई. कशाला ओढवून घ्यायचं?" फ्यूजची गेलेली जागा परत मिळाली नाही. पुन्हा अर्ज केल्यावर प्रतीक्षायादीत ती पहिली होती, पण यंदा विद्युत शाखा कुणी सोडली नाही. ती छपाईत आहे. पुढच्या वर्षी बदलाचा अर्ज करता येतो. नियमात तसं आहे, पण खात्री कुणी देत नाही.

फडक्याने दिवा पेटला त्या रविवारी जिना उतरताना बाबा मध्येच थांबले. कठड्याला धरून म्हणाले, "मला 'नाही' हेच ऐकायचं होतं. तो नसता म्हणाला, तर मी दुसरा कुणी शोधला असता. रात्री डोळे मिटले की मला खांबच दिसतो."

फ्यूज त्यांच्या खालच्या पायरीवर उभी होती. "मग तुम्हीच 'नाही' म्हणायचं होतं, बाबा. मी भांडले असते. कंपनीने काकाला हातमोजे दिले नव्हते, हे मी तुम्हाला सांगितलं असतं. विद्युत शाखेत आधी पुरवठा तपासायला शिकवतात, हेही सांगितलं असतं. दिव्याला मी काय सांगणार?"

तिने त्यांचा हात धरला आणि दोघं खाली उतरले.

आईबापांनो, मुलांची काळजी वाटणं यात काही चूक नाही. फक्त ती काळजी दिव्याच्या, लोलकाच्या किंवा कुणा महाराजाच्या तोंडी घालू नका. स्वतःच्या तोंडाने बोला आणि मुलाचं उत्तर ऐकून घ्या. तुमच्याशी त्याला वाद घालता येतो.