रगत मागितलं कुणी?

सकाळचे सात वाजून पाच मिनिटं झाली होती. शेजारच्या रेडिओवर नुकत्याच बातम्या लागल्या होत्या. मी अंगणात कालच्या भाकरीचा तुकडा चघळत उभा होतो. तेवढ्यात ताईबाईनं माझा कान धरला, मला उंबऱ्यापाशी ओढत नेलं आणि माझ्या कपाळाला मूठभर हळद फासली. आत तिचा तान्हा नातू तापानं फणफणला होता, डोळे पांढरे करून हातपाय झाडत होता. ताईबाई डोंगरावरच्या देवीकडे तोंड करून म्हणाली, "माय, मना नातूले सोड. हाऊ बोकड लई ले."

तो बोकड मी. त्या सकाळपर्यंत मला नाव नव्हतं. त्यानंतर मी नवसाचा झालो.

मला कुणी विचारलं नाही. पोराचा जीव माझ्या जिवाएवढा आहे की माझा त्याच्याएवढा, हेही कुणी मोजलं नाही. माणसाला जीव द्यायची वेळ आली की तो आधी शेजारच्या दावणीकडे बघतो. मी या घरातच बाभळीखाली जन्मलो, माझ्या आईचं अर्धं दूध या घरानंच प्यायलं, आणि हळद लागली तीही याच घरच्या हातानं.

तरी ताईबाईला मी फार दोष देत नाही. हे घर ख्रिस्ती. शिंदखेड्याच्या बाजूला आमचं गाव, तिथं दहा-बारा घरांची मंडळी आहे, पत्र्याचं चर्च आहे. ताईबाईनं नवऱ्याबरोबर तरुणपणीच बाप्तिस्मा घेतला होता. रविवारी सगळ्यात मोठ्यानं गीत तीच म्हणायची. पण नातवाचे डोळे पांढरे झाले तेव्हा तिच्या तोंडून येशूचं नाव निघालं नाही, तिच्या आईची देवी निघाली. पोर हातचं जायला लागलं की माणूस दिसेल त्या दारावर डोकं आपटतो.

पोराची आई प्रमिला. ती तेव्हा आत ओल्या फडक्यानं पोराचं अंग पुसत होती. तिचा नवरा रुपचंद रावेरला केळीच्या ट्रका भरायला गेलेला. पोर उचलून ती अनवाणी रस्त्यावर धावली, दुधाच्या टेम्पोला आडवी झाली आणि शिंदखेड्याला डॉक्टरांकडे पोचली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. म्हणाले, ताप डोक्यात चढला होता, पुन्हा ताप आला तर असंच अंग पुसत राहा. दोन दिवसांनी पोर हसायला लागलं. दानीएल त्याचं नाव, घरात सगळे दान्या म्हणत.

पोराला कुणी वाचवलं यावर लगेच वाद लागला. ताईबाई म्हणाली देवीनं. मंडळी म्हणाली आमच्या प्रार्थनेनं. डॉक्टरांचं नाव कुणी घेतलं नाही, प्रमिलाचं तर नाहीच.

माझ्या कपाळाची हळद मात्र दिसत होती. मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, चिंधानाना घरी प्रार्थनेला आले आणि त्यांनी ती पाहिली. नानांनी उभा जन्म एस.टी.त कंडक्टर म्हणून काढलेला, त्यांच्या नजरेतून विनातिकीट कोणी सुटत नसे. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. ताईबाई खोटं बोलली नाही. "मी नवस बोलनू, भाऊ. पोरगं जाई राहिनं व्हतं, मंग काय करू?"

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्याच अंगणात सतरंजी पसरली. मी बाजेच्या पायाला बांधलेला. माझा निवाडा माझ्यासमोर झाला, आणि माझ्याकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

नाना म्हणाले, देव पवित्र आहे, पापाचा त्याला संताप येतो. तो संताप कुणावर तरी कोसळणारच होता. तो आपल्यावर न कोसळता येशूवर कोसळला. आपली शिक्षा त्यानं भोगली, प्रायश्चित्त पुरं झालं. आता पुन्हा बोकड द्यायचा म्हणजे वधस्तंभ कमी पडला असं म्हणायचं.

मी मान डोलावली. बरोबर आहे नाना, मग सोडा मला.

पण चर्चचे धर्मगुरू, पाळक रतिलालभाऊ, यांना ते पटलं नाही. ते वयानं तरुण, बाहेरून शिकून आलेले, आवाज मऊ. ते म्हणाले, संतापलेल्या बापाला शांत करायला पोरगा मेला असं सांगितलं, तर लोकांना आपला देव आणि डोंगरावरची देवी यांच्यात काय फरक दिसणार? देव स्वतःच ख्रिस्तात आपल्यापर्यंत चालत आला. आपण तोडलेलं नातं जोडायला आला. मारलं ते माणसांनी. देवानं मार खाल्ला.

मी पुन्हा मान डोलावली. हेही बरोबर. आता तरी सोडा.

"मग रक्त काय उगीच सांडलं?" नाना कडाडले. "शिकून आलात तुम्ही, आणि वधस्तंभाची नुसती गोड गोष्ट करून ठेवली."

पाळक हसले. "आणि तुम्ही देवाला डेपो मॅनेजर करून ठेवलंय, नाना. कुणाच्या तरी हातात मेमो पडल्याशिवाय त्याची जेवणाची सुट्टी होत नाही."

सगळी सतरंजी हसली. नाना हसले नाहीत. चहा दोनदा फिरला, ऊन भिंतीवरून उतरलं, तरी दोघांचं प्रायश्चित्त काही मिटेना. एक म्हणे शिक्षा, दुसरा म्हणे प्रीती. मी ऐकत होतो. पण एवढं भांडण होऊनही एका गोष्टीवर दोघांचं पटकन जमलं. बोकड कापायचा.

त्यांनी असं ठरवलं. कापणीच्या सणाला सगळे जण शेतातलं, घरातलं काहीतरी चर्चला अर्पण करतात आणि त्याचा तिथंच लिलाव होतो. मलाही तिथं न्यायचं, लिलावात घ्यायचं आणि मंडळीच्या जेवणात शिजवायचं. पहिला घास प्रमिलानं सगळ्यांसमोर खायचा, म्हणजे या घराला देवीची भीती उरली नाही हे सिद्ध होईल. मग दान्याचा बाप्तिस्मा. घास खाल्ला नाही तर बाप्तिस्मा नाही.

नवस बोलली सासू, घास खायचा सुनेनं. का, तर पोर तिचं. नानांनी तिला विचारलंही, बोकडाला हळद लागली तेव्हा तू काय करत होतीस? ती पोराला धरून बसली होती, पण हे उत्तर त्या सतरंजीवर चालण्यासारखं नव्हतं.

देवाला रक्त नको असं तासभर सांगणारे पाळकही म्हणाले, हा बळी थोडाच आहे, हे तर जेवण आहे. पाळकसाहेब, सुरीच्या खाली मान ठेवून बघा एकदा. तिथून फरक दिसतो का ते मला सांगा.

त्या दिवसापासून प्रमिलाचं खाणंपिणं तुटलं. देवीवर तिचा विश्वास नव्हता. पण भीती विश्वासाला विचारून येत नाही. मला खाल्लं आणि पोराला पुन्हा ताप आला तर? नाही खाल्लं आणि बाप्तिस्मा न होताच ताप आला तर? चूल पेटवताना मधेच उठून ती आत जायची आणि पोराच्या कपाळाला आपला गाल लावायची. मला पाला टाकताना एकदा म्हणाली, "तुझ्याकडे बघितलं की माझ्या छातीत धडधडतं रे." माझ्याही, बाई. पण मला विचारतं कोण?

कापणीचा सण आला. चर्चच्या आवारात ज्वारीची कणसं, भोपळे, कापसाचे गोळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. रुपचंद रावेरहून केळीचा घड घेऊन आला होता. मला घंटेच्या खांबाला बांधलं होतं. मागे चुलवणावर पाण्याचं पातेलं चढलेलं मला दिसत होतं. रुपचंद बायकोला हळूच म्हणाला, एक घास तर आहे, डोळे मिटून गिळून टाक. माणसांना सगळंच एक घास वाटतं, जोवर घास दुसऱ्याचा असतो.

माझा नंबर आला. नानांनी बोली पुकारली. तेव्हा प्रमिला पोराला काखेला घेऊन बायकांमधून उठली आणि सरळ पुढे आली.

"नाना, तुम्ही म्हणता सगळी शिक्षा भोगून झाली. पाळकसाहेब म्हणतात देवाला रक्त नकोच होतं. तुमच्या दोघांत कोण खरं ते मला कळत नाही. पण दोघांचंही खरं धरलं, तरी आज ही सुरी कुणासाठी लागते?"

नाना म्हणाले, "सुरी देवासाठी नाही, पोरी. तुझ्या भीतीसाठी आहे."

"माझी भीती मी पदरात बांधून फिरते. ती बोकडाच्या मानेत नाही." तिनं पोराला दुसऱ्या काखेला घेतलं. "आणि अजून एक सांगते. देवाला राग आला म्हणून त्यानं आपलं पोर मारलं, हे माझ्या पोरासमोर पुन्हा बोलू नका. माझ्या अडाणी सासूनंसुद्धा बोकड देऊ केला. पोर नाही दिलं."

मला वाटलं नाना आता तिला मंडळीबाहेर काढतात. नानांचे ओठ हलले, आवाज मात्र वेगळाच निघाला. "मी काय होतो हे गावाला माहीत आहे. दारू पिऊन मी बायकोला लाथा मारल्या, ती माहेरीच मेली. माझी शिक्षा कोणी घेतली नसती तर मी जगलोच नसतो. ते तू माझ्याकडून काढून घेऊ नकोस."

माझा माणसांवर राग आहे, नानांवर तर फारच आहे. पण त्या वेळी ते खोटं बोलत नव्हते.

प्रमिला म्हणाली, "नाही काढत, नाना. तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. बोकड सोडा." आणि तिनंच माझा दोर सोडला.

इथंच गोष्ट संपायला हवी होती. मी पाला खात म्हातारा झालो असतो आणि तुम्हाला त्रास द्यायला आलोही नसतो. पण पाळकांना फार आनंद झाला, आणि आनंदात त्यांना शास्त्र आठवलं. ते म्हणाले, बायबलच्या जुन्या करारात दोन बोकड असत. एक कापत, दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्या लोकांची पापं ठेवून त्याला रानात सोडत. आपण याला तो दुसरा समजू. म्हणजे नानांचंही राहिलं, प्रमिलाबाईंचंही राहिलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. सगळे आमेन म्हणाले. नानाही म्हणाले. दान्याचा बाप्तिस्मा झाला. जेवणाला भोपळ्याची भाजी झाली.

अहो, एका मेलेल्यानं सगळं वाहून नेलं असं दोघं घसा फोडून सांगत होते ना? मग माझ्या डोक्यावर काय ठेवलंत? कुठून उरलं होतं ते?

माझा जीव वाचला, पण माझं जगणं गेलं. चर्चची पोरं मला बघून ओरडतात, पापाचा बोकड आला. खडे मारतात. बाकीचं गाव म्हणतं, देवीचं येणं बाकी आहे, हात लावू नका. खाटीक मला घेत नाही. कुणाची गाय गाभडली की मी त्या वाटेनं गेलो होतो म्हणतात. कुणाचा नवरा पिऊन पडला तरी कारण मीच. जो तो आपलं पाप माझ्या शिंगांना अडकवून मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी तेच पाप पुन्हा करतो.

हेही मी सोसलं असतं. जे सोसवत नाही ते पुढं आहे.

ताईबाई मरेपर्यंत दर मंगळवारी मला चोरून भाकरी द्यायची. दान्याला मांडीवर घेऊन सांगायची, "हाऊ बोकड जित्ता शे तोवर तुले काहीच व्हत नही." मायेनं सांगायची. पण पोरानं त्यातलं उलटं ऐकलं. बोकड मेला की माझी पाळी.

आता तो दुसरीत आहे. शाळेत जाण्याआधी मला पाणी आणतो, माझ्या पोटावर हात ठेवून श्वास बघतो. आई शेजारणीला कौतुकानं सांगते, आमच्या दान्याला मुक्या जनावरांची किती माया! माया नाही हो, प्रमिलाबाई. पोर घाबरलंय. तुझ्यासारखंच कुणाला न सांगता घाबरलंय. आणि तूही, मी खोकलो की अजून पटकन त्याच्या कपाळाला गाल लावतेस. तो ते बघतो. त्याला वाटतं आईलाही माहीत आहे.

माझे दात गेले. मागचे पाय उचलत नाहीत. परवा मी उठलो नाही, तेव्हा तो शाळा बुडवून माझ्यापाशी बसला. मला हलवून हलवून म्हणत होता, "ऊठ ना रे, ऊठ ना." त्याच्यासाठी मी कसाबसा उठलो. आता पुन्हा उठणं होईल असं वाटत नाही.

पाळकांची बदली झाली. नाना चर्चच्या ओट्यावर बसून असतात, त्यांना आता नीट दिसत नाही. येशू कशासाठी मेला याचा वाद मंडळीत अजून चालू आहे. चालू द्या. तो तुमचा आहे, मोठा आहे, माझ्या डोक्यात मावत नाही. पण त्या वादात माझ्या मानेला आणि त्या पोराच्या जिवाला एकाच दाव्यानं बांधू नका.

आमच्या गावावरून कुणी जाणार असाल, तर दानीएलला गाठा. त्याला सांगा, बोकड म्हातारा झाला म्हणून मरतोय. तुझ्या बदली मरत नाही, तुझ्यामुळं मरत नाही. तुला तापातून डॉक्टरांनी आणि तुझ्या आईनं वाचवलं, आणि त्यासाठी कुणीही तुझ्याकडे काहीही मागायला येणार नाही. देवी नाही, देवही नाही. नानांना नेऊन त्यांच्या तोंडून हे वदवा, त्यांचं तो ऐकेल. त्याच्या आईलाही सांगा, पोराला जवळ घेऊन एकदा सरळ विचार, तुला कसली भीती वाटते.

पण हे मी जिवंत आहे तोवर सांगा. मी गेल्यावर सांगितलंत, तर त्याला वाटेल, मोठी माणसं आपली समजूत काढताहेत.