कुणी उठायचं नाही

माझा आवाज मोठा आहे. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तीस वर्षं आडत केली. हळू बोलणाऱ्याला तिथं कुणी विचारत नाही. घरातही माझाच शब्द चालतो. धाकटा भाऊ महांतेश लहानपणापासून मला भीत आला, आणि मी त्या भीतीला आदर समजत आलो. त्याच्या खिशात गुटख्याची पुडी असायची, हे मला ठाऊक होतं. कामाला वाघ होता, म्हणून मी कानाडोळा केला.

अडीच वर्षांपूर्वी त्याच्या जिभेला कॅन्सर निघाला. लातूरला ऑपरेशन झालं, मग दीड महिना रेडिएशनचे शेक. रोग गेला, डॉक्टरांनी पाठ थोपटली, मी पेढे वाटले. महांतेशला त्यातला एकही खाता आला नाही, हे पेढे वाटून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं.

हनुवटीखाली सूज राहिली होती. सकाळी टम्म असायची, दुपारपर्यंत जरा ओसरायची. आणि गिळणं तर त्याला नव्यानं शिकावं लागलं. लातूरच्या दवाखान्यात तनुजा मॅडम म्हणून होत्या, त्या गिळण्याचे व्यायाम शिकवायच्या. ताठ बसायचं, अर्धाच चमचा घ्यायचा, हनुवटी छातीकडे न्यायची, गिळायचं, मग तोंड रिकामं असलं तरी परत एकदा गिळायचं आणि खाकरायचं. पाणी, ताक असलं पातळ काही घ्यायचं नाही, सगळं दाट करून. सुजेवर रोज सकाळी वीस मिनिटं बिनतेलाचा हलका हात फिरवायचा. वाटीभर खायला त्याला पाऊण तास लागायचा. खरं सांगतो, समोर बसून मला कंटाळा यायचा. मी पेपर उघडायचो.

गावाकडची माणसं भेटायला आली की म्हणायची, "गाल भरलेत की! तब्येत सुधारली." सूज होती ती. मी आपला हसून म्हणायचो, "हाव, गौरम्माच्या हातचं खातोय न्हवं." गौरम्मा, महांतेशची बायको, खाली बघायची.

देवणीजवळच्या आमच्या गावी दरवर्षी माघात, मठात, आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या नावानं दासोह असतो. सगळ्या गावाला जेवण. पहिल्या वर्षी महांतेश गाडीतच बसून राहिला. गेल्या वर्षी मात्र दिवाळी झाल्यावर तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाला, "अण्णा, औंदा मी पंगतीत बसणार."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तीन महिने तयारी केली. पंगतीत असते ती गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, गौरम्मा मिक्सरमधून काढायची आणि तो मोबाइलवर वेळ लावून खायचा. पंचेचाळीस मिनिटांवरून तिसावर आला. पोरांच्या परीक्षेलासुद्धा आमच्या घरात एवढी तयारी झाली नव्हती. माणसांत बसून जेवायचं, एवढंच त्याला पाहिजे होतं.

दासोहाच्या दिवशी पंगत एक वाजता बसायची होती. मठाच्या स्वामींना पुढं दुसऱ्या गावी जायचं होतं, म्हणून मी ती अकराला घेतली. गौरम्मा दारात आडवी आली. "अण्णा, सकाळची सूज उतरली न्हाई त्यांची. हात फिरवायचाबी राहिलाय."

"एक दिस न्हाई फिरवला तर काय बिघडतंय? स्वामी खोळंबलेत," मी म्हणालो. ती बाजूला झाली. माझ्यासमोर सगळेच बाजूला होतात.

महांतेश माझ्या शेजारी बसला. नवा सदरा घातला होता. अर्धा चमचा, हनुवटी खाली, गिळणं, परत गिळणं, खाकरणं. अगदी शिकवल्यासारखं चाललं होतं. मी इकडंतिकडं बघत होतो, लोकांनी बघावं म्हणून.

आमच्याकडं पंगतीतला शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कुणी उठत नाही. एरवी त्याची कुणाला अडचण होत नाही, दोन-पाच मिनिटांचा प्रश्न असतो. पण पंधरा-वीस मिनिटांत सगळी पानं साफ झाली आणि महांतेशची वाटी निम्मीसुद्धा झाली नव्हती. दुसरी पंगत बाहेर उन्हात उभी होती, लेकरं रडत होती. म्हातारा ग्यानोबा गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागला, आणि मी ओरडलो, "कुणी उठायचं न्हाई! माझ्या भावाचं व्हायचंय!"

मला वाटलं, मी त्याचा मान राखला. मायेपोटीच ओरडलो, हे आजही सांगतो. पण सत्तर माणसं, हात वाळलेली, गप्प बसून एका माणसाच्या तोंडाकडं बघत राहिली. महांतेशचे कान लाल झाले. त्यानं अर्ध्याऐवजी भरून चमचा घेतला. मग दुसरा. हनुवटी खाली गेलीच नाही. मग त्यानं माझ्या पानाजवळचा पाण्याचा तांब्या उचलला.

ठसका लागला तो थांबेना. हुग्गी नाकातून आली. तोंड निळं पडलं. समोरच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. गौरम्मा बायकांच्या ओळीतून धावत आली. माझा हात त्याच्या पाठीवर होता आणि काय करावं ते मला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ताप भरला. अन्न फुफ्फुसात उतरलं होतं. लातूरला अकरा दिवस दवाखाना, नाकातून नळी. वाचला.

दीड महिन्यानं त्याला तनुजा मॅडमकडं घेऊन गेलो. त्यांनी सगळं तपासलं आणि विचारलं, "असं कसं झालं? तुमची लय तर छान बसली होती. कुणी घाई केली का? तसं असेल तर सांगा. मग उपाय सोपा आहे. पुढच्या वेळी तुम्हाला अर्धा तास आधी बसवायचं आणि लोकांना सांगून ठेवायचं."

महांतेशनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "न्हाई," तो म्हणाला, "माझीच घाई झाली."

मॅडमनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. "स्वतःला आवरता येत नसेल तर धोका आहे. मग माणसांत जेवण बंद. खोलीत, एकट्यानं, शांतपणे. चालेल?"

त्यानं मान डोलावली. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. 'मी केलं' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. मुलीच्या वयाची बाई होती ती, रागावलीही नसती. मी घसा साफ केला आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली.

आता तो मागच्या खोलीत जेवतो, दार लावून. नळी निघालीय, पण वाटीभर खायला तासाच्या वर लागतो. परवा मी त्याच्या दाराशी गेलो. यंदाच्या दासोहाची तारीख ठरली होती, ती सांगायची होती. आणखीही सांगायचं होतं. त्यानं दार उघडलं, तारीख ऐकली, आणि मी पुढं काही बोलायच्या आत म्हणाला, "अण्णा, तुम्ही जावा. मी हितंच खातो."

मी "बरं" म्हणालो.